दि. ना.

माकड नव्हे, वानर.
दुरसिंग पावरा पहिल्याच दिवशी माझी जीभ सुधारतो.
लाल तोंडाचं ते माकड, तुमच्या स्टेशनावरचं.
हे काळतोंडे. हे इथले.

पालपासून दोन तास, सुकी नदीच्या अंगानं वर,
तीन तंबू, एक ताडपत्री, एक चूल.
चुलीवर सुभान तडवी कळण्याची भाकर थापतो
आणि रोज सांगतो, उद्या मीठ संपणार.
रोज संपत नाही.

पहाटे साडेपाचला निघायचं,
टोळी जागी व्हायच्या आत तिच्या झाडाखाली पोचायचं.
वानरं उठली की आधी मुततात,
हे कुठल्याही पुस्तकात ठळक छापलेलं नव्हतं.
अंजनाखाली उभी राहू नको, दुरसिंग म्हणाला होता.
मी उभी राहिले.

दर दहा मिनिटांनी मनगटावरचं घड्याळ टिवटिवतं.
त्या क्षणी जो जे करत असेल ते लिहायचं.
खा. ब. चा. झो.
उवा वेचत असतील तर नुसता उ.
आणि जे फांद्यांत गडप
त्यांच्यासाठी दि. ना.
दिसत नाही.

भादव्यात झाडांची पानं दाटली
तशी वहीचीही भरत गेली
दि. ना. दि. ना. दि. ना.
डोंगरावर एकच खडक, तिथं फोनला दोन काड्या येतात,
तोंड रावेरकडे करून, हात वर धरून.
तिथं सरांचा निरोप वाचला:
ही नोंदवही आहे की जपमाळ?

मादी क्रमांक सात.
दुरसिंगच्या भाषेत पाटलीण,
कारण मोहाच्या कोवळ्या पानावर पहिला हात तिचा.
मी दुर्बिणीनं तिला शोधते,
तो विडी विझवतो, मान वाकडी करतो, म्हणतो,
धावड्याच्या मागे आहे, खोकली आत्ता.
मला तर खोकला ऐकूच आला नव्हता.
तिच्या पोटाशी काळं पिल्लू,
माझ्या मुठीएवढं डोकं, आणि कान
पुढच्या चार वर्षांच्या मापाचे शिवून ठेवलेले.

एका रविवारी त्याच्या पाड्यावर गेले.
त्याच्या बायकोनं पाटावर बसवलं, ती स्वतः बसली नाही.
भिंतीवर एक शाळेचा फोटो.
हा मोठा ना? कुठं असतो?
ज्या हातानं कधी पेन्सिल धरली नाही
तो हात हवेत चौकोन काढत म्हणाला,
दि. ना.
आणि हसला.
सुरतेला गेला, दोन दिवाळ्या झाल्या, हे नंतर सांगितलं.
बायको हसली नाही. तिनं माझ्या ताटात
न विचारता दुसरी भाकर टाकली.

कार्तिकात टोळी खाली उतरली, केळीच्या बागांकडे.
रात्री सुतळी बाँब वाजले.
सुभान आवाज मोजत होता, सात, आठ,
मग मोजायचा थांबला.
सकाळी वर आले ते एकोणीस. हवेत एकवीस.
सातच्या रकान्यात मी लिहीत गेले
दि. ना. दि. ना.
एका दिवसात किती वेळा लिहिता येतं हे ठरलेलं आहे.
किती दिवस लिहायचं, हे ठरवून दिलेलं नव्हतं.

अकराव्या दिवशी, सात चाळीसला,
कुसुमाच्या झाडाकडे दुरसिंगची मान वाकडी झाली.
घड्याळ टिवटिवलं.
पाटलीण. उघड्या फांदीवर, उन्हात.
खात नव्हती, खाजवत नव्हती,
खालच्या हिरव्या पट्ट्याकडे बघत होती.
बघणं आमच्या यादीत नाही.
मी ब. लिहिलं. बसलेली.
मग पिल्लाच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली
आणि दुरसिंगनं उगाच
विझलेली विडी पुन्हा पेटवली.

त्या रात्री मीठ खरंच संपलं.
सुभाननं सांगितलं नाही.
आम्ही तिघांनी अळणी वरण खाल्लं,
वर शेकोटीत एक ओंडका सरकवला,
आणि सवयीनं माझं घड्याळ
दर दहा मिनिटांनी विचारत राहिलं.